रीसेट म्हणजे फॉरमॅट नव्हे

व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरवर रीसेट करायचं, ‘फॉरमॅट मारला’ म्हणायचं आणि आठवड्याने ‘व्हायरस परत आला’ म्हणून डोकं धरायचं, असं सारखं चालू असतं. बहुतेकदा तो परत आलेला नसतो, गेलेलाच नसतो.

रीसेट सगळ्यांना येतं: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘रीसेट धिस पीसी’. मशीन नुसतं रडतखडत चालत असेल तर तेवढं पुरे. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून बाहेरून आणलेलं कोरं विंडोज टाकणं. प्रोग्राम रीसेट आणि फॉरमॅट दोन्हींत उडतात, वेळही थोड्याफार फरकाने सारखाच लागतो.

खरा फरक दोन प्रश्नांत आहे: नवं विंडोज येतं कुठून आणि जुन्यातलं उरतं काय? रीसेट करताना ‘लोकल रीइन्स्टॉल’ निवडलं की डिस्कवर आधीच असलेल्या फायलींतूनच विंडोज पुन्हा उभं राहतं. ज्या विहिरीत घाण पडली, तिचंच पाणी. ‘क्लाउड डाउनलोड’ त्याहून बरा. चारेक जीबी डेटा जातो, जाऊ द्या. पण ‘कीप माय फाइल्स’ निवडलंत तर डाउनलोड्स फोल्डर जसंच्या तसं राहतं, आणि ज्या क्रॅकमधून (पैसे न भरता वापरायच्या चोरट्या सॉफ्टवेअरमधून) लागण झाली तो सेटअप बहुधा तिथेच पडलेला असतो. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घेतलं तरी वेगळं सांगितल्याशिवाय डी ड्राइव्हला हात लागत नाही. आपल्याकडे तर सगळे सेटअप डीवरच साठवलेले!

खऱ्या फॉरमॅटला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. तो दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवायचा. बाधित मशीनवर अजिबात नाही. फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. ईएक्सई, बॅट (उघडताच चालू होणाऱ्या प्रोग्रामच्या फायली), शॉर्टकट यांतलं काहीही नको. मग ती डिस्क काढून बाजूला ठेवा. मशीन चालू करताना डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्हवरून बूट करा.

चूक होते ती पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे सी, डी असे भाग दाखवणाऱ्या पडद्यावर. नुसता सी निवडून नेक्स्ट दाबलं, तर जुनं सगळं ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये सुखरूप राहतं. कॉम्प्युटरमधल्या डिस्कची पार्टिशनं एकेक करून डिलीट करा, डीसकट, ‘अनअलोकेटेड स्पेस’ एवढी एकच ओळ उरेपर्यंत. डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका. नव्या इंटेल लॅपटॉपवर बऱ्याचदा आरएसटी ड्रायव्हर (डिस्क ओळखायला लागणारं इंटेलचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाकून तिथे लोड करावा लागतो. प्रॉडक्ट की मागितली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा. पूर्वीचीच एडिशन (होम किंवा प्रो) टाकली आणि आधीचं विंडोज अस्सल असलं, तर नेट जोडल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

चोरीला गेलेले पासवर्ड मात्र फॉरमॅटने परत येत नाहीत. ते स्वच्छ फोनवरून बदला आणि प्रत्येक खात्यातून ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ करा, कारण चोरलेल्या कुकीवर (ब्राउझरने जपलेल्या लॉगिनच्या खुणेवर) पासवर्डशिवायही आत शिरता येतं. क्रोमचं सिंक लगेच चालू करू नका, घातक एक्स्टेंशन त्याच वाटेने परत येतं. बँकेतून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकी सगळं नंतर.

काम दुकानात देणार असाल तर पार्टिशनं समोर डिलीट करायला सांगा, आणि ॲक्टिव्हेटर (विंडोज विकत न घेता चालवण्याचा चोरटा प्रोग्राम) टाकू देऊ नका. तो चालावा म्हणून विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, बंद करतात, आणि कोऱ्या विंडोजवर पहिली लागण तिथेच होते.