एम्युलेटरमधील उपकरण-पर्याय

एम्युलेटर म्हणजे एका संगणकावर दुसऱ्या संगणकाचे सोंग वठवणारी आज्ञावली. त्या सोंगातल्या यंत्रात कोणती डिस्क, कोणते नेटवर्क कार्ड, कोणते पोर्ट असावे हे कमांड लाइनवर लिहून सांगण्याची रीत म्हणजे उपकरण-पर्याय. या नोंदीत मुख्यतः फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्यूएमू या मुक्त आज्ञावलीतील पर्यायांचा विचार केला आहे.

आरंभी प्रत्येक वस्तूला वेगळा पर्याय होता : पहिल्या डिस्कला -एचडीए, ध्वनिकार्डाला -साउंडएचडब्ल्यू इत्यादी. टंकायला सोयीचे, पण -एचडीए लिहिले की दोन गोष्टी एकदम ठरत. पाहुण्या (म्हणजे सोंगातल्या) यंत्राला दिसणारी आयडीई जोडणीची डिस्क ही एक, आणि यजमान (म्हणजे खऱ्या) संगणकावरची तिची फाइल ही दुसरी. तीच फाइल स्कझी या दुसऱ्या जोडणीची डिस्क म्हणून दाखवायची तर या पर्यायात शब्दच नव्हता.

आजच्या पद्धतीचा आरंभ कोठे धरावा याबाबत दोन मते संभवतात. एक, साधारण २००७ च्या अखेरीस आलेला -ड्राइव्ह; त्यात फाइल, जोडणीचा प्रकार आणि क्रमांक एकाच स्वल्पविरामी ओळीत देता येऊ लागले. दुसरे, २००९. त्या वर्षी पॉल ब्रुक यांनी सर्व उपकरणांसाठी ‘क्यूडेव्ह’ हा सामाईक साचा मांडला आणि वर्षाच्या मध्यास गेर्ट होफमन यांच्या कामातून -डिव्हाइस हा पर्याय आला. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. -ड्राइव्हने ओळीला शिस्त लावली, परंतु पाहुणा आणि यजमान यांचे वाटप केले नाही; ‘इफ=नन’ (जोडणीचा प्रकार कोणताच नाही) ही सोय झाल्यावरच डिस्कची फाइल आणि डिस्कचे रूप वेगळे लिहिता आले. अँथनी लिग्वोरी यांनी २०११-१२ च्या सुमारास क्यूडेव्हच्या तळाशी ‘क्यूओएम’ ही वस्तुरचना घातली. कमांड लाइनवर बसलेल्या माणसाला तिचा फारसा पत्ता लागत नाही.

वाटप कसे चालते ते बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या कारखान्याच्या कल्पित उदाहरणावरून पाहू. डॉस या जुन्या कार्यप्रणालीवरची आज्ञावली सिरियल तारेवरून कारखान्यातल्या यंत्राशी बोलते आणि तारेचा पोर्ट २एफ८ हा पत्ता व इंटरप्ट (लक्ष वेधणारी खूण) ३ या ठिकाणीच शोधते. मग दोन पर्याय लिहायचे : ‘-कॅरडेव्ह सिरियल,आयडी=तार,पाथ=…’ हा यजमानाकडचा खरा पोर्ट; ‘-डिव्हाइस आयएसए-सिरियल,कॅरडेव्ह=तार,आयओबेस=०x२एफ८,आयआरक्यू=३’ हे पाहुण्याला दिसणारे रूप. दोहोंना बांधणारा धागा म्हणजे आयडी. (येथे ओळी देवनागरीत दिल्या आहेत, प्रत्यक्षात आयडी रोमन अक्षरानेच सुरू व्हावा लागतो.) उद्या खऱ्या पोर्टाऐवजी सॉकेट (आज्ञावल्यांमधली जोडणी) वापरायचे झाले तर पहिली ओळ बदलते, दुसरीला हात लागत नाही आणि डॉसला काही कळतही नाही.

पीसीआय या पद्धतीने संगणकात जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना ‘ॲडर’ने जागा देता येते. एका बसवर (सामाईक जोडमार्गावर) ३२ स्लॉट, प्रत्येकात ८ फंक्शने. हा आकडा षोडशमान पद्धतीने वाचला जातो, म्हणून ‘ॲडर=१०’ लिहिणाऱ्याचे कार्ड १६ क्रमांकाच्या स्लॉटात जाऊन बसते. चालू यंत्र दुसऱ्या संगणकावर हलवताना तेथेही हेच पत्ते लागतात, तेव्हा ते स्वतः लिहून ठेवणे बरे. फाइलच्या नावात स्वल्पविराम असेल तर तो दोनदा टंकावा लागतो. ‘खानापूर, जुने’ अशी नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ६.२ या आवृत्तीपासून (२०२१) -डिव्हाइसला जेसॉन (माहिती मांडण्याची एक मजकुरी पद्धत) रूपही चालते. मनुष्याला ते किचकट, इतर आज्ञावल्यांना सोपे.

जुन्या पर्यायांपैकी -साउंडएचडब्ल्यू २०२२ मध्ये ७.१ आवृत्तीत काढला गेला; -एचडीए मात्र टिकून आहे.

या विषयाची सीमाभागातील मराठी परिभाषा स्थिरावलेली नाही. बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ असले तरी अभियांत्रिकीचे शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून होते. बोलण्यात ‘कार्ड घालणे’, ‘डिस्क जोडणे’ ही क्रियापदे पुरतात. ‘घालणे’ला कन्नडमध्ये ‘हाकु’ म्हणतात. नवख्या मराठी कानाला त्यात बैल हाकणे ऐकू येते, आणि -ड्राइव्हचा शब्दार्थ पाहता ते अगदीच चूक नाही.