आयपी ‘फिक्स’ आहे, पण कुठे? नॅसमध्ये की राउटरमध्ये?

ऑफिस हलवताना कपाटे, खुर्च्या आणि फायलींचे गठ्ठे टेम्पोत चढतात, तसा नॅसचा, म्हणजे सर्वांच्या फायली एके ठिकाणी ठेवणाऱ्या नेटवर्क स्टोरेजचा, डबाही चढतो. सदाशिव पेठेतून बाणेरला पोहोचल्यावर त्याला वीज मिळते, लॅन केबल लागते, पुढचे दिवे हिरवे होतात आणि तरीही संगणकांवरचा झेड ड्राइव्ह, म्हणजे नॅसकडे नेणारा फोल्डर, काही उघडत नाही. नेटवर्क पाहणाऱ्या जुन्या माणसाला फोन केला की तो सांगतो, “त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, फिक्स केलेला आहे.” हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे, कारण ‘फिक्स’ या एकाच शब्दाने दोन निराळ्या व्यवस्था ओळखल्या जातात आणि जागा बदलली की त्या एकमेकींच्या उलट वागतात.

पहिली व्यवस्था स्टॅटिक आयपीची. यात नॅसच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पत्ता, सबनेट मास्क (आपले नेटवर्क कुठवर ते सांगणारा आकडा), गेटवे (इंटरनेटकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) हाताने भरलेले असतात, आणि नॅस कोणालाही न विचारता तोच पत्ता वापरतो. दुसरी व्यवस्था डीएचसीपी रिझर्व्हेशनची; डीएचसीपी म्हणजे राउटरने आपणहून पत्ते वाटण्याची पद्धत. यात नॅस सुरू झाल्यावर इतर संगणकांप्रमाणेच राउटरकडे पत्ता मागतो. मात्र राउटरमध्ये त्याच्या १२ अक्षरी मॅक पत्त्यापुढे, म्हणजे नेटवर्क पोर्टच्या कायमच्या ओळख-क्रमांकापुढे, ठरावीक आयपी नोंदवलेला असल्याने त्याला दर वेळी तोच मिळतो. एरवी दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, म्हणून त्यांतला फरक कोणाच्या लक्षात राहत नाही. स्थलांतरात मात्र नॅसमध्ये लिहिलेला पत्ता टेम्पोबरोबर बाणेरला येतो, आणि राउटरमधली नोंद, तो राउटर सोबत आणला नसेल तर, पेठेतच राहते. नव्या फ्लॅटच्या दाराला पेठेतल्या पत्त्याची पाटी लावणे आणि नव्या सोसायटीच्या रखवालदाराच्या वहीत आपले नाव नसणे, या दोन अडचणींत जेवढा फरक आहे तेवढाच इथेही आहे. (इंटरनेट कंपनीच्या बिलावर दिसणारा स्टॅटिक आयपी हा तिसराच विषय. तो बाहेरच्या जोडणीचा पत्ता असतो आणि आतल्या नॅसशी त्याचा संबंध नसतो, हे मला जवळजवळ प्रत्येक ऑफिसात समजावून सांगावे लागते.)

जुन्या ऑफिसात नॅसचा पत्ता १९२.१६८.१.५० होता आणि नवा राउटर १९२.१६८.०ने सुरू होणारे पत्ते वाटतो, असे धरू. नॅसवर स्टॅटिक आयपी असेल तर तो जुन्याच पत्त्यावर बसून राहतो. केबल जोडलेली असूनही तो राउटरच्या यादीत बहुधा दिसत नाही, आणि त्याच्याकडचा गेटवेही जुना असल्याने त्याला इंटरनेट मिळत नाही. रिझर्व्हेशन असेल तर तो नव्या राउटरकडून निमूटपणे १९२.१६८.०.१०७ असा एखादा पत्ता घेतो, यादीत दिसतो, आणि त्याचे रोजचे बॅकअपचे ईमेलही येत राहतात. फक्त संगणक त्याला जुन्या पत्त्यावर शोधत असतात. म्हणून झेड ड्राइव्ह बंद असताना नॅसचे ईमेल येत असतील, तर मी डब्याला हात न लावता थेट राउटरची यादी उघडतो. नॅसचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर तो डीएचसीपीवर आहे पण त्याला राउटरकडून उत्तरच मिळालेले नाही, असे समजावे आणि केबल व नेटवर्क स्विच (केबली एकत्र जोडणारा डबा) तपासावेत. दोन लॅन पोर्ट असलेल्या नॅसमध्ये प्रत्येक पोर्टचा मॅक वेगळा असतो, त्यामुळे जुना राउटर सोबत आणला तरी केबल शेजारच्या पोर्टात गेली की रिझर्व्हेशन लागू होत नाही.

सर्वांत फसवी परिस्थिती मात्र सगळे काही लगेच चालू होते तेव्हाची. नवा राउटरही १९२.१६८.१ हीच मालिका वाटत असेल, तर स्टॅटिक आयपीचा नॅस पहिल्याच मिनिटाला उघडतो आणि सगळे चहाला जातात. पण .५० हा पत्ता नॅसने घेतला आहे, हे राउटरच्या नोंदीत नसते. एका लहान ऑफिसात मी पाहिले ते असे: तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी फोनला वायफायवर तोच पत्ता मिळाला आणि तेव्हापासून फायली कधी उघडत, कधी अडकत. तो फोनवाला जेवायला बाहेर गेला की तक्रार थांबायची. हार्ड डिस्क खराब झाली असावी असे समजून नव्या डिस्कची किंमतही विचारून झाली होती, आणि दोष मात्र फक्त पत्त्याच्या टकरीचा निघाला.

उपायही दोन्हींचे निराळे आहेत. स्टॅटिक आयपी असेल तर लॅपटॉपचे वायफाय बंद करून तो केबलने थेट नॅसला जोडावा, लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१.६० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्यावा, ब्राउझरमध्ये नॅसचे पान उघडावे आणि तिथे डीएचसीपी निवडावे. जुना पत्ता आठवत नसेल तर जोडलेल्या ड्राइव्हच्या मार्गात तो बहुतेक वेळा सापडतो. रिसेटचे बटण शेवटचा उपाय म्हणूनच दाबावे. सिनॉलॉजीच्या नॅसवर ते सुमारे ४ सेकंद, बीप ऐकू येईपर्यंत, एकदा दाबले की फायलींना धक्का न लागता नेटवर्क डीएचसीपीवर येते, पण मुख्य खात्याचा पासवर्डही जातो. रिझर्व्हेशन असेल तर नॅसमध्ये काही बदलण्याची गरज नसते. नव्या राउटरमध्ये त्याच्या मॅकपुढे पत्ता नोंदवून नॅस पुन्हा सुरू केला की पुरते.

लहान ऑफिससाठी मी रिझर्व्हेशनच सुचवतो, कारण सगळ्या पत्त्यांचा हिशेब एके ठिकाणी राहतो आणि टक्कर होत नाही. त्याची उणीव अशी की इंटरनेट कंपनीच्या माणसाने राउटर बदलून दिला की नोंदीही त्याच्याबरोबर जातात, म्हणून मॅक आणि आयपी कागदावर लिहून नॅसच्या पाठीमागे चिकटवावेत.

संगणकांवरचे ड्राइव्ह आयपीऐवजी नॅसच्या नावाने जोडून घेतले की त्यांचे काम संपते. राहतो तो कोपऱ्यातला झेरॉक्स-स्कॅनर. त्याच्या फोल्डर-यादीत जुना आयपी तसाच असतो, आणि ते पहिल्यांदा लक्षात येते ते अकाउंट्सवाल्यांनी चलने स्कॅन केली आणि फोल्डर रिकामे निघाले की.