हिरव्या टोपणाची नळी: बोनमॅरोचा नमुना पाठवण्याआधी एवढं वाचा

मटणाची नळी फोडून आतला मगज खाल्ला असेल, तर बोनमॅरो म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. रक्त तिथंच तयार होतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते. जंतूंवर तुटून पडणारी न्यूट्रोफिल मात्र काही तासांत, फार तर काही दिवसांत संपते. म्हणून हा कारखाना रात्रंदिवस चालू.

मॅरो डॉक्टर काढतात, कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून. ओढताना क्षणभर कळ येते, ते लपवत नाही. एका काकाजींनी विचारलं, "भाऊ, मगज काढला त हाड पोकळ नाही होत का?" नाही होत. काढतात ते काही मिलिलिटर, आणि ते पुन्हा भरून येतं.

आमचं काम नळी मोठ्या लॅबपर्यंत पोचवण्याचं. जांभळ्या टोपणाची नळी आणि हिरव्या टोपणाची नळी एक नव्हे. हिरवीत हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध असतं, कारण त्यातल्या पेशी पुढं मोठ्या लॅबमध्ये वाढवायच्या असतात. गुणसूत्रं पाहायची तर पेशी जिवंत आणि दुभंगत असलेली हवी. मेलेल्या पेशीचा हा रिपोर्ट येत नाही. मागं आमच्याच पोऱ्यानं मे महिन्यात काळजीपोटी नळी थेट बर्फात पुरली. पेशी फुटल्या, पेशंटला दुसऱ्यांदा सुई घ्यावी लागली. तेव्हापासून डबा आम्ही स्वतः भरतो. बर्फ नाही, ऊनही नाही. गाडीच्या डिकीत तर नाहीच.

वाढवतात कशा? गुलाबी पोषकद्रव, ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं कपाट. कपाशीचं बी टाकलं की पऱ्हाटीच उगवते. मॅरोतल्या मूळ पेशीचं तसं नाही. तिला कोणतं वाढ-प्रथिन मिळतं त्यावर ती काय होणार ते ठरतं. जीएम-सीएसएफ नावाचं प्रथिन दिलं तर जंतू गिळणाऱ्या पेशी. सोबत टीएनएफ-अल्फा हे दुसरं प्रथिन दिलं तर डेंड्रिटिक पेशी, म्हणजे शत्रूचा तुकडा बाकीच्यांना दाखवणाऱ्या. दोनेक आठवडे लागतात. टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, एवढ्यावर तयार होत नाहीत, त्यांना छातीतल्या थायमस ग्रंथीसारखे इशारे लागतात. हे सगळं संशोधनाचं काम. तुमच्या रिपोर्टसाठी पेशी एक-दोन दिवसच वाढवतात, वेळ जातो तो गुणसूत्रं मोजण्यात.

याचा तुम्हाला काय उपयोग? १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रॅडली आणि मेटकाफ यांनी उंदराच्या मॅरोच्या पेशी अगारमध्ये, म्हणजे जेलीसारख्या पदार्थात वाढवल्या. त्या कशामुळं वाढतात, हा शोध पुढं जी-सीएसएफ या पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या प्रथिनापर्यंत गेला. किमोनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या की जे इंजेक्शन देतात, ते हेच.

आता एक कडू गोष्ट. गुडघा, मधुमेह, लकवा, सगळ्यांवर 'स्टेम सेल' म्हणजे मूळ पेशी विकणारे आपल्या भागातही फिरतात. रक्ताच्या काही आजारांवरचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी वापर प्रायोगिकच, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. प्रयोगासाठी पेशंटकडून पैसे घेणाऱ्यापासून दूर राहा. वावर गहाण ठेवण्याआधी कागद आम्हाला दाखवा, वाचून सांगायचे पैसे घेत नाही.

शनिवारी मॅरो काढायचा असेल तर आधी आमच्या दुकानात विचारा. रविवारी मोठ्या लॅबमध्ये नळी उघडायला माणूस नसतो.