भांडणाआधी नाडी बघा

शहरांत आता ‘रेज रूम’ निघाल्यात. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि जुन्या टीव्हीवर, बाटल्यांवर हातोडा चालवायचा. राग मोकळा होतो म्हणे. घरोघरी हाच सल्ला फुकट मिळतो: मनात ठेवू नकोस, एकदा काय ते ओकून टाक. समजूत अशी की राग म्हणजे कुकरमधली वाफ, शिट्टी झाली की दाब उतरला.

ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाचा २००२ सालचा प्रयोग वेगळं सांगतो. ६०० विद्यार्थ्यांच्या निबंधांवर जहरी शेरे मारून आधी त्यांना चिडवलं. मग काहींना शेरा मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅग बडवायला लावली, काहींना दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. सगळ्यात चिडलेले निघाले ते बडवणारे. पुढे २०२४ मध्ये सोफी क्यार्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र पाहिले. शरीर निववणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, तापवणाऱ्यांनी नाही. जॉगिंगने तर वाढतोच.

मला हे पटलं ते एका कुर्त्यामुळे. वरच्या मजल्यावरच्या काकू कुंड्यांना पाणी घालतात आणि लाल मातीचं पाणी माझ्या दोरीवर ओघळतं. त्या दिवशी पांढरा कुर्ता होता. तावातावाने जिना चढले, दार वाजवलं आणि तीन वर्षांपूर्वीच्या पापड वाळवण्यापासूनचं सगळं काढलं. कुंड्यांचा विषय राहिलाच. खाली आल्यावर मनगटावरचं घड्याळ नाडी ११८ दाखवत होतं.

या ११८ मध्ये गंमत आहे. हृदयाचा ठोका मेंदू देत नाही. हृदयाच्या उजव्या अलिंदातला, म्हणजे वरच्या कप्प्यातला, पेशींचा एक पुंजका तो स्वतःच देतो, आणि त्याला त्याच्यावर सोडलं तर तरुण माणसात तो मिनिटाला १०० च्या आसपास जातो. मग बसल्या जागी नाडी ७० कशी? कारण मेंदूच्या बुडाशी निघणारी वेगस नावाची चेता (नर्व्ह) त्याच्यावर सतत ब्रेक दाबून असते. शांत माणूस म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणारी एसटी.

हा ब्रेक रासायनिक आहे, हे ओटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये दाखवलं. प्रयोग त्याला स्वप्नात सुचला. पहिल्या रात्री केलेली टिपणं सकाळी वाचताच येईनात. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं तेव्हा तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाच्या हृदयाची वेगस उद्दीपित केली, ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतालचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावलं! द्रवात होतं वेगसने सोडलेलं रसायन, ॲसिटिलकोलिन. ते पुंजक्यातल्या पेशींची पोटॅशियमची दारं उघडतं, पोटॅशियमचे धन भाराचे कण बाहेर जातात, आतला भाग आणखी ऋण होतो आणि पुढच्या ठोक्याच्या उंबरठ्यावर पोचायला पेशीला उशीर लागतो. एक विकर (एन्झाइम) ॲसिटिलकोलिनचा लगेच फडशा पाडतं, म्हणून हा ब्रेक एका ठोक्यात लागतो नि सुटतो. मनगटावर बोटं ठेवून बघा: श्वास घेताना ठोके जरा जलद, सोडताना जरा सावकाश.

राग आला की आधी ब्रेक सुटतो. १०० च्या पुढचं काम ॲक्सिलरेटरचं, म्हणजे नॉरॲड्रेनॅलिन आणि ॲड्रेनॅलिन या रसायनांचं. ॲड्रेनॅलिन रक्तात उतरतं, तिथून निपटायला वेळ घेतं, आणि मनातल्या मनात भांडण उगाळलं की नवा हप्ता येतो. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत सिएटलमध्ये भांडणाऱ्या जोडप्यांच्या नाड्या मोजल्या. उपकरणं नीट करायची आहेत असं सांगून त्यांनी काही भांडणं मध्येच थांबवली आणि मासिकं वाचायला दिली. नाड्या उतरल्यावर तीच माणसं त्याच विषयावर बरी बोलू लागली.



म्हणून विराम घ्यायचा तो वीसेक मिनिटांचा, आणि परत कधी बोलणार ते सांगून. नाहीतर समोरच्याला तो अबोला वाटतो. मर्यादा आखायची तीही नाडी खाली आल्यावर. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ यात मर्यादा नसते. मला काय चालत नाही आणि मी काय करणार, एवढंच त्यात यावं.

दुसऱ्या दिवशी वर गेले, घड्याळात ८४. “काकू, काल आवाज चढला, चुकलं. पण दहापर्यंत माझे कपडे असतात दोरीवर. तोवर पाणी नको. पडलं तर मी तेव्हाच वर येऊन सांगेन, साठवून ठेवणार नाही.”

“दहाला ऊन चढतं गं, झाडांना चालत नाही,” काकू म्हणाल्या. “सातच्या आत घालते. तू नंतर वाळत घाल.”

मी कपडे सातनंतर घालते. रविवारी काकू उशिरा उठतात, त्या दिवशी मी दोरी मोकळीच ठेवते.