दोघांची चूक एकच कशी?

१९९५ चा उन्हाळा. कॅलिफोर्नियातल्या कॅडेन्स या सॉफ्टवेअर कंपनीतल्या एका इंजिनिअरला प्रतिस्पर्धी कंपनीच्या प्रोग्राममध्ये एक चूक दिसली. चूक सापडणं नवलाचं नव्हतं, एवढ्या मोठ्या प्रोग्राममध्ये चुका असायच्याच. पण ही चूक त्याच्या ओळखीची होती. काही वर्षांपूर्वी कॅडेन्सचा कोड लिहिताना त्याच्याच हातून अगदी अशीच चूक राहून गेली होती.

प्रतिस्पर्धी कंपनीचं नाव अवांट. १९९१ मध्ये कॅडेन्समधूनच बाहेर पडलेल्या काही इंजिनिअरांनी ती वेगळ्या नावाने सुरू केली होती. दोन्ही कंपन्यांचा धंदा एकच: चिपचा आराखडा तयार करणारं सॉफ्टवेअर. चिपवर लाखो बारीक घटक असतात. कुठला घटक कुठे बसवायचा आणि त्यांना जोडणाऱ्या तारा एकमेकींना न छेदता कुठून न्यायच्या, हे कागदावर हाताने करणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं. ते काम करणारा प्रोग्राम लिहायला वर्षानुवर्षं जातात. म्हणून त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, हीच अशा कंपनीची खरी मालमत्ता.

या मालमत्तेची चोरी मोठी विचित्र असते. घरफोडी झाली तर कपाट रिकामं दिसतं. कोड चोरीला गेला तरी तो जागेवरच असतो, फक्त त्याची आणखी एक प्रत दुसरीकडे तयार झालेली असते. २००२ मध्ये मुंबईतल्या एका कंपनीचा माजी कर्मचारी सॉलिडवर्क्स या अमेरिकी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड विकायला निघाल्याच्या आरोपावरून दिल्लीत पकडला गेला. सीबीआयने अटक केली, आणि गिऱ्हाईक म्हणून समोर बसलेला माणूस एफबीआयचा होता. तिथे निदान सौदा उघड्यावर आला. पण प्रत गुपचूप प्रतिस्पर्ध्याच्या प्रोग्राममध्ये जिरली, तर ती ओळखायची कशी?

याचं उत्तर शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. शेजारी बसलेल्या दोन मुलांचं गणित बरोबर आलं तर कुणी संशय घेत नाही. बरोबर उत्तर एकच असतं, दोघं आपापल्या बुद्धीने तिथे पोहोचू शकतात. पण तिसऱ्या पायरीवर दोघांनीही ६ चा ९ केला असेल आणि पुढचं सगळं त्याच ९ वर रचलं असेल, तर सर वही खाली ठेवून दोघांकडे बघतात. चुकायच्या वाटा असंख्य असतात. त्यातली नेमकी एकच वाट दोघांनी योगायोगाने धरणं फार अवघड. आणि अशा चार-पाच चुका जुळल्या की योगायोगाची शक्यता गुणाकाराने कमी होत जाते. शंभरात एक आणि शंभरात एक मिळून दहा हजारांत एक, तिसरी जुळली की दहा लाखांत एक. यात एक अट मात्र आहे: या चुका एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात.

ही युक्ती संगणकापेक्षा जुनी आहे. आणि गंमत अशी, की ती वापरणाऱ्यांमध्ये चार्ल्स बॅबेज होता, ज्याला आपण संगणकाचा आद्य कल्पक मानतो. त्या काळी लॉगॅरिथमची छापील कोष्टकं जहाजांच्या कप्तानांपासून खगोलशास्त्रज्ञांपर्यंत सगळ्यांना लागत. हजारो आकडे हाताने काढायचे, हाताने जुळवायचे, तेव्हा चुका अटळ. बॅबेजने १८२७ मध्ये दाखवून दिलं की नंतरच्या कित्येक कोष्टकांमध्ये व्लाक या डच कोष्टककाराच्या १६२८ च्या कोष्टकातल्याच चुका उतरल्या आहेत. रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयात चिनी लिपीत छापलेलं एक कोष्टक होतं. ते कशावरून केलं याचा त्यात उल्लेख नव्हता. बॅबेजने व्लाकच्या सहा ठरावीक चुकांच्या जागा त्यात तपासल्या. सहाच्या सहा हजर! लिपी बदलली, देश बदलला, चुका तेवढ्या जशाच्या तशा राहिल्या.

आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. शेकडो हस्तलिखितांतलं कुठलं कुणाच्या घराण्यातलं, हे ठरवताना पाठचिकित्सक जे पाहतात त्यात समान चुका आणि समान घुसडलेले श्लोक मोलाचे असतात. लेखनिकाने एक ओळ गाळली की त्याच्या प्रतीवरून उतरवणाऱ्या सगळ्यांची ती ओळ गळते. शुद्ध पाठ दोन प्रतींत सारखा असला तर त्यातून नातं कळत नाही, अशुद्ध पाठ सारखा असला की कळतं. कोडच्या तपासातला तज्ज्ञ हेच करतो. मला हे साम्य फार जवळचं वाटतं, कारण कोड हाही शेवटी माणसाने लिहिलेला मजकूरच आहे.

अर्थात प्रतिस्पर्ध्याचा सोर्स कोड आपल्या हाती नसतो. बाजारात मिळतो तो यंत्राच्या भाषेत उतरवलेला प्रोग्राम. या उतरवण्यात प्रोग्रामरने दिलेली बरीचशी नावं आणि त्याने स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा गळून पडतात. पिठावरून जोंधळ्याचं कणीस परत उभं करावं, तसं त्यावरून मूळ मजकूर मिळवणं. पण दोन गोष्टी टिकतात. एक, प्रोग्रामची वागणूक, चुकांसकट. दुसरी, आत साठवलेले शब्द. अ‍ॅपल विरुद्ध फ्रँकलिन या दोन संगणक कंपन्यांमधल्या खटल्यात, ज्याचा अपिलातला निकाल १९८३ चा, फ्रँकलिनच्या प्रोग्राममध्ये अ‍ॅपलच्या एका प्रोग्रामरचं नाव आणि ‘अ‍ॅपलसॉफ्ट’ हा शब्द तसाच सापडला. नक्कल करणाऱ्यांनी तो पुसलाही नव्हता.

सगळे इतके बेफिकीर नसतात. चोरलेल्या कोडवर पहिला हात फिरतो तो नावांवर. समजा मूळ ओळ आहे ‘एकूण = दर × नग’. तिची होते ‘बेरीज = भाव × संख्या’. डोळ्यांना ओळ नवी दिसते. म्हणून तुलना करणारा प्रोग्राम आधी नावंच काढून टाकतो. दोन्ही ओळींचं ‘नाव = नाव × नाव’ होतं आणि वेश उतरतो. अशी एक ओळ जुळली तर तिला काडीची किंमत नाही, किराणा दुकानाचं बिल करणारा कुणीही ती लिहील. किंमत आहे ती ‘नाव’, ‘=’, ‘×’ अशा खुणांच्या लांबलचक सलग माळेला.

पण लाखो ओळींच्या दोन प्रोग्रामांत सारख्या माळा शोधायच्या कशा? अ‍ॅलेक्स एकेन या संगणकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये ‘मॉस’ नावाचं साधन केलं. विद्यापीठांमध्ये विद्यार्थ्यांच्या प्रोग्रामातली कॉपी पकडायला ते आजही वापरतात. त्यामागची पद्धत २००३ मध्ये एका शोधनिबंधात मांडली गेली, तिचं नाव ‘विनोइंग’, म्हणजे चक्क उफणणी. सलग काही खुणांचा तुकडा घ्यायचा आणि ठरावीक सूत्राने त्याचा एक आकडा करायचा. एक खूण पुढे सरकायचं, पुन्हा आकडा. असे आकडे फार होतात, सगळे जपणं परवडत नाही. मग आकड्यांवरून एक चौकट सरकवत न्यायची आणि प्रत्येक चौकटीतला सर्वांत लहान आकडा तेवढा ठेवायचा. असे उरलेले आकडे म्हणजे त्या प्रोग्रामच्या अंगठ्याचा ठसा.

सर्वांत लहानच का? दर दहावा आकडा ठेवला असता, तर चोराने सुरुवातीला एक ओळ घुसडली की सगळी मोजणी सरकली असती. सर्वांत लहान आकडा कुठला, हे मात्र तिथल्या मजकुरावरच ठरतं, तो फाइलमध्ये कितव्या ओळीवर आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तोच उतारा दुसरीकडे कुठेही चिकटवा, तोच आकडा पुन्हा वर येतो. ठरावीक लांबीच्या पुढचा सारखा उतारा या जाळ्यातून निसटत नाही, हे गणिताने सिद्ध केलेलं आहे. मला यातलं साधेपण विलक्षण सुंदर वाटतं.

तरी जुळलं म्हणजे चोरलं, असं लगेच म्हणता येत नाही, आणि आरोप करणाऱ्या कंपन्या नेमक्या इथेच घाई करतात. दोघांनी एकच मोफत उपलब्ध कोड वापरलेला असू शकतो. यंत्राची मागणीच अशी असते की दुसऱ्या तऱ्हेने लिहिताच येत नाही. शिवाय नोकरी बदललेला प्रोग्रामर स्वतःच्या सवयी बरोबर नेतो. त्याच्या डोक्यातलं कसब त्याचंच आहे, कंपनीची आहे ती फाइल.

हा भेद नीट करून दाखवला तो कॉम्प्युटर असोसिएट्स विरुद्ध अल्टाई या दोन सॉफ्टवेअर कंपन्यांमधल्या खटल्याने. कॉम्प्युटर असोसिएट्स सोडून अल्टाईत आलेल्या एका प्रोग्रामरने जुन्या कंपनीचा कोड सोबत आणला होता आणि ‘ऑस्कर’ नावाच्या प्रोग्राममध्ये वापरला होता. ऑस्करचा सुमारे ३० टक्के भाग उचललेला होता. अल्टाईच्या वरिष्ठांना हे १९८८ मध्ये दावा दाखल झाल्यावर कळलं. त्यांनी तो आणलेला कोड कुलपात टाकला आणि मूळ कामाशी संबंध नसलेल्या आठ प्रोग्रामरांकडून तेवढा भाग नव्याने लिहून घेतला. त्याला जवळपास सहा महिने लागले.

१९९२ च्या अपिलाच्या निकालात तुलनेची रीत ठरली. आधी प्रोग्रामचे पदर उलगडायचे, वरच्या ढोबळ रचनेपासून खाली ओळींपर्यंत. मग ज्याच्यावर कुणाची मालकी नाही ते गाळायचं: निव्वळ कल्पना, कार्यक्षमतेसाठी भाग पडलेली मांडणी, यंत्राने लादलेल्या गोष्टी, सगळ्यांसाठी खुलं असलेलं साहित्य. गाळून जो चोथा उरेल त्याचीच तुलना करायची. चूक या गाळणीतून का पडत नाही, हे आता लक्षात येईल. चूक कुठल्याही यंत्राची गरज नसते. ती एका माणसाच्या एका दिवसाची असते.

कॅडेन्सच्या त्या इंजिनिअरला दिसलेल्या चुकीवरून डिसेंबर १९९५ मध्ये अवांटच्या कार्यालयाची झडती झाली आणि दिवाणी दावा उभा राहिला. पुढे फौजदारी खटलाही चालला. २००१ मध्ये कंपनीने आणि तिच्या काही अधिकाऱ्यांनी आरोपांना विरोध न करण्याची भूमिका घेतली. कॅडेन्सला १९ कोटी ५० लाख डॉलरच्या आसपास भरपाई द्यायचा आदेश झाला, काही जण तुरुंगात गेले. २००२ मध्ये याच धंद्यातल्या सिनॉप्सिस या कंपनीने अवांट विकत घेतली आणि दिवाणी दावा २६ कोटी ५० लाख डॉलरवर मिटला.

अल्टाईला जुन्या ऑस्करबद्दल ३ लाख ६४ हजार ४४४ डॉलर भरावे लागले. त्या आठ जणांनी नव्याने लिहिलेल्या ऑस्करमध्ये नक्कल नाही, असं कोर्टाने ठरवलं.