मँड्युराचे डास आणि डॉसव्हिलचा कालवा: थोडी पार्श्वभूमी

पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थच्या दक्षिणेला सत्तरेक किलोमीटरवरच्या मँड्युरात उन्हाळा आला की खाडीकाठच्या दलदलीवर हेलिकॉप्टरने अळीनाशक टाकतात, आणि मग एवढा खर्च करूनही डास का, ही ओरड सुरू होते. डास चावून इथे रॉस रिव्हर व्हायरस पसरतो, सांधे धरतात, थकवा महिनोन्‌महिने जात नाही आणि लस नाही, एवढं पुरे. नैऋत्य भागात १९८८-८९ ला मोठी साथ आली, त्यानंतर शेजारशेजारच्या कौन्सिलांनी एकत्र येऊन राज्य सरकारच्या पैशाची जोड घेत डास आटोक्यात ठेवायचं काम लावून धरलं.

पण सगळी भांडणं फिरून येतात ती कालव्यावर. शेतातल्या खताचा फॉस्फरस खाडीत उतरायचा, शेवाळ माजायचं, वास एवढा की काठावर उभं राहवत नसे. समुद्राशी जोडणारी वाट एकच आणि अरुंद, पाणी बदलणार कसं? म्हणून डॉसव्हिलला अडीचेक किलोमीटरचा कालवा खोदून १९९४ च्या एप्रिलमध्ये उघडला. खाडीतलं शेवाळ आटोक्यात आलं, तो भाग बऱ्यापैकी यशस्वी. मात्र भरती-ओहोटी आत जोरात पोचायला लागली, आणि इथला डास अंडी पाण्यात नाही, ओल्या चिखलात झुडपांच्या बुडाशी घालतो, ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि भरतीचं पाणी लागलं की सगळी एकदम फुटतात. आधी उन्हाळ्यात कोरडी राहणारी दलदल आता पुन्हापुन्हा भिजते, मग फवारणीच्या खेपा वाढणारच ना. १९९५-९६ ला परत साथ आली तेव्हा बोट कालव्याकडेच गेलं.

माझ्या मते कालव्याला जरा जास्तच बोल लावतात. पाणी स्वच्छ झालं, प्लॉटचे भाव चढले, २००७ ला पर्थची रेल्वे आली आणि घरं दलदलीच्या अगदी कडेपर्यंत सरकली. डास होता तिथेच होता हो, आणि तो काही किलोमीटर सहज उडतो. आता प्लॉटच्या कागदांवर डासांच्या त्रासाची नोंद टाकतात, ती घेणारा वाचतो का देव जाणे.

बाकी कामाची पद्धत बदलत गेली. आधी टेमेफॉस, म्हणजे आपल्याकडे आरोग्यवाले पिंपात टाकतात ते अॅबेट, नंतर बीटीआय (अळ्या मारणारा जीवाणू) आणि मेथोप्रीन (अळीचा डास होऊ न देणारं औषध), कारण दलदल १९९० पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, तिथे बाकीचे जीव मारून चालत नाही. बीटीआय अळीने खाल्लं तरच लागू पडतं, कोष झाला की खाणं बंद, म्हणून कर्मचारी गमबूट घालून डबक्यात लांब दांड्याची पळी बुडवतात, त्यात अळ्या मोजतात, किती मोठ्या झाल्यात बघतात. उन्हाळ्यात हाताशी चार-पाच दिवसच असतात. डबकी भरतीला जोडणारे उथळ चरही काही ठिकाणी खोदले, पाणी साचत नाही आणि मासे आत येऊन अळ्या खातात, पण रामसरच्या जागेत खोदाई म्हटलं की परवानग्या आल्याच.

भरतीचं वेळापत्रक बघून हेलिकॉप्टर आधीच बुक का करत नाहीत, हेही विचारतात लोक. तर इथली भरती मुळात लहान, मीटरभराच्या आतली, त्यामुळे हवेचा दाब आणि वारा तिला सहज वरखाली करतात. पार उत्तरेला चक्रीवादळ झालं तरी त्याची लाट किनाऱ्याने खाली येते आणि वेळापत्रकात नसलेल्या दिवशी दलदल भरते.