हलक्या धातूंचा अभियंता आणि बडोदे : एका व्यवसायाची पार्श्वभूमी

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून धातुशास्त्राची पदवी घेतलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने मॅग्नेशियमच्या उत्पादनात काम करायचे ठरवले, तर कच्च्या मालाच्या शोधात त्याला फार लांब जावे लागत नाही. शहराच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, छोटा उदेपूरच्या परिसरात, डोलोमाइट या मॅग्नेशियमयुक्त दगडाच्या खाणी आहेत. त्याच जिल्ह्यात कडीपाणी येथे फ्लोरस्पार या खनिजाचे साठे आहेत, आणि सिलिकॉनच्या साहाय्याने मॅग्नेशियम काढताना मिश्रणात थोडे फ्लोरस्पार घालण्याचा प्रघात आहे. कच्छच्या रणापासून ओखामंडळापर्यंतच्या मिठागरांत मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी मागे राहते, त्यात मॅग्नेशियम क्लोराइड भरपूर असते. एवढे सगळे हाताशी असूनही या भागात मॅग्नेशियमचा मोठा कारखाना उभा राहिला नाही, आणि देशाची या धातूची गरज आजही बहुतांशी आयातीतून भागते. असे का झाले, हे समजून घेतल्याशिवाय हलक्या धातूंच्या क्षेत्रात अभियंत्याच्या वाट्याला नेमके कोणते काम येते हे कळत नाही.

मॅग्नेशियमची घनता पाण्याच्या १.७४ पट आहे, ॲल्युमिनियमची २.७० आणि पोलादाची ७.८५ च्या आसपास. म्हणजे भार पेलणाऱ्या भागांसाठी वापरता येण्याजोग्या धातूंमध्ये याच्याहून हलका धातू व्यवहारात नाही. १८०८ मध्ये हंफ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने तो प्रथम वेगळा केला, १८३३ मध्ये मायकेल फॅरेडेने वितळलेल्या क्लोराइडमधून वीज सोडून तो मिळवला, आणि १८५२ मध्ये रॉबर्ट बुन्सेनने त्यासाठी वापरण्यासारखा विद्युतघट तयार केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या धातूचे मुख्य गिऱ्हाईक मात्र छायाचित्रकार होते, कारण मॅग्नेशियमची तार किंवा भुकटी जळताना पडणारा पांढराशुभ्र प्रकाश अंधाऱ्या खोलीत फोटो काढण्यास उपयोगी पडे. बडोद्यापुरती एक गोष्ट जाता जाता नोंदवायला हरकत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले, आणि पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके छायाचित्रणकला शिकले ते याच संस्थेत. त्या काळात बडोद्यात मॅग्नेशियम कोणाच्या हाताशी आले असेलच, तर ते धातुशास्त्रज्ञाच्या नव्हे, फोटोग्राफरच्या.

कलाभवनात रंगकाम, रसायन आणि यंत्रविद्या शिकवली जाई आणि शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे असा आग्रह होता. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या मराठी घरांतून मुले तेथे जात. दरबारातल्या कारकुनीखेरीज दुसरी वाट त्यांना तेथे दिसली. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवनाचे रूपांतर तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत झाले आणि कालांतराने तेथे धातुशास्त्राचा स्वतंत्र विभाग आला. धातुशास्त्राचे पदवी शिक्षण देशात तोवर नवे राहिले नव्हते, कारण बनारस हिंदू विद्यापीठात ते १९२३ पासून दिले जात होते. परंतु त्या काळचा भारतीय धातुअभियंता प्रामुख्याने लोखंड-पोलादाचा होता. ॲल्युमिनियमची पहिली भारतीय लादी १९४३ मध्ये केरळमधील अलुपुरम येथे निघाली, आणि मॅग्नेशियम तर बऱ्याच काळापर्यंत केवळ पाठ्यपुस्तकातले प्रकरण होते.

जगात मात्र या धातूचा धंदा लढायांच्या तालावर चालला होता. जर्मनीत १८८६ पासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू होते आणि १८९६ पासून बिटरफेल्ड येथे ते वाढत गेले. पहिल्या महायुद्धात जर्मन पुरवठा तुटल्यावर अमेरिका, ब्रिटन आणि इतरांनी आपापल्या भट्ट्या उभ्या केल्या. दुसऱ्या महायुद्धात विमानाचे भाग आणि आग लावणारे बॉम्ब या दोन्हींसाठी मॅग्नेशियम लागले. डाऊ कंपनीने जानेवारी १९४१ मध्ये टेक्सासमधील फ्रीपोर्ट येथे समुद्राच्या पाण्यातून मॅग्नेशियमची पहिली लादी काढली. समुद्राच्या पाण्यात ते जेमतेम ०.१३ टक्के असते, म्हणून एक टन धातूसाठी निदान ८०० टन पाणी हाताळावे लागते. युद्ध संपताच मागणी कोसळली, अमेरिकेतले बहुतेक युद्धकालीन कारखाने बंद झाले आणि मॅग्नेशियमचे अभियंते ॲल्युमिनियमकडे, पोलादाकडे किंवा रसायनांकडे वळले. हा चढ-उतार या व्यवसायाला तेव्हापासून चिकटलेला आहे.

धातू काढण्याच्या दोन वाटा या काळात पक्क्या झाल्या आणि आजचा अभियंताही त्यांपैकी एकीवरच शिकतो. पहिली विजेची. वितळलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमधून वीज सोडली की ऋण ध्रुवावर धातू आणि धन ध्रुवावर क्लोरीन मिळतो. ऐकायला हे सोपे वाटते. खरी अडचण विजेत नसून पाण्यात आहे. मिठागराच्या कडू पाण्यातून मिळणाऱ्या क्लोराइडच्या स्फटिकांत पाण्याचे सहा रेणू अडकलेले असतात. तापवल्यावर पहिले काही निमूटपणे उडून जातात, पण शेवटचे एक-दोन निघताना क्लोराइडवरच उलटतात; हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ बाहेर पडते आणि मागे ऑक्साइडयुक्त गाळ राहतो. हा गाळ घटाच्या तळाशी साचतो, वीज फुकट खातो आणि घटातल्या विजेच्या कांड्या झिजवतो. निर्जल क्लोराइड बनवणे हेच या वाटेवरचे निम्मे धातुशास्त्र आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कराईकुडी येथील केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने याच वाटेवर दीर्घकाळ काम केले.

दुसरी वाट कॅनडाच्या लॉइड पिजन यांनी घातली. ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेत काम करताना त्यांनी ती सिद्ध केली आणि १९४२ मध्ये ओंटारिओतील हेली येथे तिच्यावर आधारलेला कारखाना सुरू झाला. हिची मांडणी छोटा उदेपूरच्या दगडाला डोळ्यांपुढे ठेवून समजून घेता येते. डोलोमाइट म्हणजे चुना आणि मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचे ऑक्साइड) यांचे कार्बोनेट. ते हजार अंशांच्या वर भाजले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उरलेला भाजका दगड दळून त्यात फेरोसिलिकॉन या लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूची भुकटी आणि थोडे फ्लोरस्पार मिसळतात आणि दाब देऊन अक्रोडाएवढ्या गोळ्या पाडतात. या गोळ्या निकेल-क्रोमियमच्या पोलादी नळीत भरून नळीचे तोंड बंद करतात, आतली हवा ओढून घेतात आणि बाहेरून सुमारे १२०० अंशांपर्यंत तापवतात. साध्या दाबाखाली या तापमानाला सिलिकॉन मॅग्नेशियाकडून ऑक्सिजन हिसकावू शकत नाही. पण निर्वातात मॅग्नेशियम वाफ होऊन लगेच निघून जाते, आणि तयार होणाऱ्या सिलिकाला शेजारचा चुना बांधून ठेवतो, त्यामुळे प्रक्रिया पुढे रेटली जाते. नुसता मॅग्नेसाइट (मॅग्नेशियम कार्बोनेटचा दगड) न घेता डोलोमाइट घेण्याचे कारण हा चुनाच.

नळीचे एक टोक भट्टीच्या बाहेर, पाण्याने थंड ठेवलेले असते. आतून आलेली वाफ तेथील पत्र्याच्या बाहीवर गोठते. आठ-दहा तासांनी झाकण काढून ती बाही ओढली, की आत चंदेरी, दाणेदार स्फटिकांचे जाडसर कडे बसलेले दिसते. त्याला कारखान्यात मुकुट म्हणतात. झाकणाकडच्या अगदी थंड बाजूला सोडियम-पोटॅशियमसारखे चंचल धातू साचतात आणि हवा लागताच ठिणग्या उडतात, म्हणून त्या क्षणी अनुभवी कामगार चेहरा बाजूला ठेवतो. एका नळीतून एका खेपेस मिळते ते वीस-पंचवीस किलोंच्या आसपास. उरलेली राखाडी रक्षा खरवडून काढायची, नळी पुन्हा भरायची आणि पुन्हा निर्वात करायची. मुळात हे खेपेखेपेचे, अंगमेहनतीचे काम आहे. एक टन धातूमागे दहा टनांच्या घरात डोलोमाइट आणि एक टनाहून थोडे जास्त फेरोसिलिकॉन जाते.

ही वाट महाग आणि मागासलेली समजून पाश्चात्त्य कंपन्यांनी विजेच्या घटांवर भर दिला, आणि चीनने नेमकी तीच उचलून नव्वदच्या दशकात जगाचा बाजार घेतला. शान्शी प्रांतातील फुगू परिसरात दगडी कोळशापासून अर्धकोक बनवताना जो वायू वाया जात होता तो नळ्यांच्या भट्टीखाली जाळण्यात आला, त्यामुळे उष्णता जवळजवळ फुकट पडली. फेरोसिलिकॉन जवळच होते आणि मजुरी कमी होती. फ्रीपोर्टचा कारखाना १९९८ मध्ये, नॉर्वेतील पोर्सग्रुनचा २००२ मध्ये, तर कॅनडातील बेकांकूरचा २००७ मध्ये बंद झाला. यांतल्या कोणत्याही ठिकाणी अभियंत्यांचे ज्ञान कमी पडले असे म्हणता येणार नाही. आज जगातील दहा लाख टनांच्या आसपासच्या उत्पादनापैकी चार पंचमांशाहून अधिक धातू चीनमधून येतो. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये फुगूमधील भट्ट्यांवर वीजवापराचे निर्बंध आले, तेव्हा काही आठवड्यांतच भाव तिपटीच्या घरात गेले आणि युरोपातल्या ॲल्युमिनियमच्या कारखानदारांचे धाबे दणाणले, कारण मॅग्नेशियमशिवाय ॲल्युमिनियमचे बरेचसे मिश्रधातू तयारच होत नाहीत.

गुजरातकडे वायू नव्हता असे नाही. १९५८ मध्ये खंबातजवळ आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल व वायू सापडला, १९६५ मध्ये बडोद्याजवळ कोयली येथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पण तो वायू खत, वीज आणि रसायनांकडे वळला, आणि त्या काळच्या गरजा पाहता ते योग्यच होते असे माझे मत आहे. दुसऱ्या बाजूला ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचाच मुलूख. तेथे मिठापूरला १९३९ मध्ये टाटा केमिकल्स उभी राहिली, पण ती सोडा ॲशसाठी. छोटा उदेपूरचा पांढरा दगड दळला जाऊन धुण्याच्या भुकटीत, रंगात आणि फरशीच्या कामात जातो.

त्यामुळे बडोद्याच्या धातुअभियंत्याचा मॅग्नेशियमशी संबंध येतो तो बहुधा धातू काढण्याच्या नव्हे, तर वापरण्याच्या बाजूने. सर्वांत मोठ्या प्रमाणावर तो येतो ओतशाळेत. १९४८ मध्ये जाहीर झालेल्या पद्धतीनुसार वितळलेल्या बिडात (ओतीव लोखंडात) थोडे मॅग्नेशियम घातले की त्यातला ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोलाकार होतो आणि बीड चिवट बनते. राजकोट, कोल्हापूर, बेळगाव येथील ओतशाळा ज्याला एसजी आयर्न म्हणतात ते हेच. मॅग्नेशियमची उकळ १०९० अंशांना आणि बिडाचा रस चौदाशे अंशांच्या वर, म्हणून शुद्ध धातू टाकला तर स्फोटच व्हायचा. त्यासाठी मॅग्नेशियमयुक्त फेरोसिलिकॉनचे खडे लाडलच्या, म्हणजे रस वाहून नेण्याच्या भांड्याच्या, तळातल्या खळग्यात ठेवून त्यावर पोलादी चुरा पसरतात आणि मग रस ओततात. डोळे दिपवणारा उजेड पडतो, पांढरा धूर उठतो, आणि तेथून घड्याळ सुरू होते, कारण दहा मिनिटांच्या आत साच्यात ओतले नाही तर परिणाम उतरू लागतो. रसात उरायला हवे ते ०.०३ ते ०.०५ टक्के.

मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंचे प्रत्यक्ष ओतकाम करणाऱ्यांची संख्या याहून बरीच कमी आहे. बंगळुरूला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ओतशाळेत विमानांसाठी ते चालते, आणि वाहनांच्या भागांसाठी काही डायकास्टिंग (धातूच्या साच्यात दाबाने ओतण्याच्या) कारखान्यांत. वितळलेला रस हवेत पेट घेतो म्हणून पूर्वी त्यावर क्षारांचा थर किंवा गंधकाची भुकटी टाकत. पुढे सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू सर्रास आला, परंतु तापमानवाढीच्या दृष्टीने तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक घातक ठरल्याने आता अनेक ठिकाणी पुन्हा सल्फर डायऑक्साइडकडे वळले आहेत. तिसरे क्षेत्र टायटॅनियमचे : क्रोल पद्धतीत मॅग्नेशियम टायटॅनियम टेट्राक्लोराइडमधला क्लोरीन काढून घेऊन टायटॅनियम मोकळे करते, आणि केरळमधील चवरा येथे २०११ मध्ये सुरू झालेला टायटॅनियम स्पंजचा (सच्छिद्र कच्च्या धातूचा) प्रकल्प त्याच पद्धतीवर चालतो.

२०२१ नंतर देशात मॅग्नेशियम काढण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे, आणि छोटा उदेपूरचे नाव त्यात निघणे स्वाभाविक आहे. परंतु या दगडाचा हिशेब मांडणाऱ्या अभियंत्याला आधी फेरोसिलिकॉनचा भाव पाहावा लागेल. एक किलो फेरोसिलिकॉन बनवायला आठ-नऊ युनिट वीज लागते, म्हणून ते बनते स्वस्त जलविजेच्या आश्रयाने, भूतान आणि ईशान्य भारताच्या बाजूला. तेथून गुजरातपर्यंतचे रेल्वेभाडे, दर काही महिन्यांनी बदलाव्या लागणाऱ्या निकेल-क्रोमियमच्या नळ्यांची किंमत आणि वायूचा दर एवढ्या तीन आकड्यांनंतरच दगडाच्या भावाचा प्रश्न येतो.